ॲनचं माहेर

स्ट्रॅटफर्डला जाल तेव्हा मैलभरावरच्या शॉटरीलाही जालच. गवताने शाकारलेलं जाड छप्पर, लाकडी सांगाडा, पुढे फुलंच फुलं. 'ॲन हॅथवेज कॉटेज'. शेक्सपिअरच्या बायकोचं माहेर. (इंग्रजीत हा शब्दच नाही, बघा.)

घर सुंदर आहे, यात वाद नाही. पण ते ज्या प्रकारे दाखवलं जातं, त्यावर माझा आक्षेप आहे. 'कॉटेज' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे झोपडीवजा काहीतरी येतं. हे तर बारा खोल्यांचं, नव्वदेक एकर जमीन असलेल्या शेतकऱ्याचं घर! शिवाय घराचा उंच भाग १७ व्या शतकातला. ॲन लग्न होऊन गेली १५८२ मध्ये. म्हणजे ज्या घराचा फोटो आपण काढतो, त्यातलं बरंचसं तिने मुलगी म्हणून पाहिलेलंच नाही. बागेचंही तेच. तिच्या वेळी तिथे गोठ्याचं अंगण होतं: जनावरं, चिखल, फार तर थोडी भाजी आणि फळझाडं. गुलाबांचा वास आपल्यासाठी आहे.

भिंतींपाशी मात्र जरा थांबा. लाकडाच्या चौकटीत काठ्या विणायच्या, वरून माती, शेण, पेंढा कालवून लिंपायचं. तुमचं आजोळ कोकणात असेल तर आजीला विचारा, ती एका शब्दात सांगेल: कूड. मला या घरातली सगळ्यात खरी गोष्ट तीच वाटली, कारण तिथे कुणाच्या तरी हाताचे कष्ट दिसतात.

आणि ॲन? तिचे वडील रिचर्ड १५८१ मध्ये गेले. मृत्युपत्रात त्यांनी मुलीच्या लग्नासाठी पैसे ठेवले, पण तिथे तिचं नाव 'ॲग्नेस' आहे. पुढच्याच वर्षी तिने लग्न केलं. ती २६ ची, नवरा १८ चा, आणि पोटात मूल. सहल घडवणारे याची गोड प्रेमकहाणी करतात. बापाविना राहिलेल्या, दिवस गेलेल्या मुलीची ती घाई कशी असेल, हे घर विचारतच नाही. खोल्यांमधून फिरताना कान त्याच्याकडे लागलेले: इथे विल्यम बसला असेल, तिथे विल्यम बोलला असेल. दारावर नाव मात्र तिचं.

घर पिढ्यान्‌पिढ्या हॅथवे कुटुंबाकडे होतं, १८९२ मध्ये शेक्सपिअरच्या स्मारकसंस्थेने ते विकत घेतलं. १९६९ मध्ये आग लागली, डागडुजी झाली. तेव्हा जाच. फक्त तिकीट काढल्यावर आधी मागच्या बाजूला जा, बाग नंतर बघा.