विश्रांतीचे शिल्प आणि जागृतीचा धम्म

बौद्ध कलेविषयी आपल्या समाजात अलीकडे एक मत वारंवार ऐकू येते. निजलेल्या किंवा डोळे मिटलेल्या बुद्धाची प्रतिमा विहारात नको; ती माणसाला सुस्त करते, संघर्षापासून दूर नेते; आपल्याला उघड्या डोळ्यांचा, चालणारा, लोकांमध्ये वावरणारा बुद्धच हवा, असे हे मत आहे. या मतामागील तळमळ प्रामाणिक आहे. ज्या समाजाला शतकानुशतके ‘शांत राहा’ असे बजावून गप्प बसविले गेले, त्याने शांतीच्या प्रतिमेकडे संशयाने पाहावे यात नवल नाही. परंतु मत प्रामाणिक असले तरी ते तपासून घेणे हीच तथागतांची शिकवण आहे. त्यासाठी अजिंठ्याच्या सव्विसाव्या लेण्यातील महापरिनिर्वाणाच्या शिल्पाइतका चांगला साक्षीदार नाही.

इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात हे चैत्यगृह कोरले गेले. अश्मक राज्याचा अमात्य भव्विराज याच्या स्मरणार्थ बुद्धभद्र नावाच्या भिक्खूने ते करविले, असे तेथील शिलालेखावरून कळते. डाव्या बाजूच्या भिंतीवर सुमारे सात मीटर लांबीची तथागतांची मूर्ती उजव्या कुशीवर पहुडलेली आहे. उजवा हात गालाखाली, डावा हात देहाशी समांतर, पापण्या मिटलेल्या. शाल वृक्षांच्या जोडीमध्ये ही शय्या आहे. खालच्या बाजूस शोकाकुल शिष्यांच्या लहान आकृती आहेत. वरच्या बाजूस देवगण आहेत.

या शिल्पाचे सामर्थ्य कशात आहे? पहिली गोष्ट म्हणजे त्याची आडवी रेषा. खांद्यापासून पावलांपर्यंत ही रेषा कोठेही खंडित होत नाही. चीवराच्या चुण्याही तिला अडवीत नाहीत. दुसरी गोष्ट जागेची. स्तंभांची रांग आणि भिंत यांमधील वाट अरुंद असल्यामुळे जवळ उभे राहून संपूर्ण मूर्ती एका दृष्टिक्षेपात येत नाही. पाहणाऱ्याला मस्तकापासून चरणांपर्यंत चालत जावे लागते. चालता चालता त्याची गती मंदावते, श्वास संथ होतो. प्रदक्षिणेच्या वाटेचाच शिल्पकाराने रचनेत उपयोग करून घेतला आहे. तिसरी गोष्ट प्रमाणाची. खालच्या आकृती लहान आहेत आणि दुःखाने वाकलेल्या आहेत. वरचा देह विशाल आहे आणि त्यात कोठेही ताण नाही. दुःख नाकारलेले नाही. ते शांतीच्या पायथ्याशी, तिच्या अगदी जवळ ठेवलेले आहे. म्हणूनच ही शांती खोटी वाटत नाही.

त्याच भिंतीवर पुढे मारविजयाचा प्रसंग कोरलेला आहे. तेथे माराची सेना, शस्त्रे, गर्दी आणि कोलाहल आहे. एकाच भिंतीवर संघर्ष आणि विसावा शेजारी आहेत. ज्याने माराशी झुंज दिली त्याचाच हा विसावा आहे, हे प्रदक्षिणा करणाऱ्याला कोणी शब्दांत सांगण्याची गरज उरत नाही.

पालि साहित्याचा आधारही असाच आहे. कपिलवत्थूच्या शाक्यांनी नवे सभागृह बांधले तेव्हा तथागतांनी रात्री उशिरापर्यंत उपदेश केला आणि नंतर, पाठ दुखते म्हणून, आनंदाला पुढे बोलावयास सांगून ते उजव्या कुशीवर आडवे झाले. या शयनाला सीहसेय्या म्हटले आहे, म्हणजे सिंहाची शय्या; आणि ते स्मृती व संप्रज्ञान राखून केलेले शयन आहे असे सुत्त स्पष्ट सांगते. कुसिनारा येथे शेवटच्या शय्येवर असतानाही सुभद्द प्रश्न विचारण्यास आला. आनंदाने त्याला तीनदा अडविले. तथागतांनी मात्र त्याला आत येऊ दिले. थकलेला देह मान्य करणारा आणि तरीही दारात आलेल्या माणसाला परत न पाठविणारा हा बुद्ध आहे. त्याला निष्क्रिय म्हणणे हे सुत्ताचे वाचन नव्हे.

आता आपल्या इतिहासाकडे वळू. विश्रांती हा आपल्यासाठी चैनीचा विषय कधीच नव्हता. तो हक्काचा विषय होता. १९२८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडताना बाबासाहेबांनी दाखवून दिले की महार वतनदाराच्या सेवेला दिवस आणि रात्र असा भेदच नाही. त्याचा प्रत्येक तास दुसऱ्याच्या मालकीचा होता. १९४५ साली काँग्रेस आणि गांधी यांच्यावर लिहिलेल्या ग्रंथात त्यांनी मांडले की फुरसत नसेल तर संस्कृती शक्य नाही आणि माणसाला पशुवत् जीवनातून सोडवावयाचे असेल तर यंत्रांनी त्याला फुरसत मिळवून दिली पाहिजे. मजूरमंत्री या नात्याने त्यांनी पुढे नेलेल्या दुरुस्तीमुळे १९४६ मध्ये बारमाही कारखान्यांतील आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ वर आले. विसाव्याचा हक्क कायद्यात लिहिणारा महापुरुष आणि विसाव्याचे शिल्प कोरणारा भिक्खुसंघ यांच्यात विरोध शोधणे म्हणूनच चुकीचे आहे.

अजिंठ्याचेच बारावे लेणे पाहावे. तेथील प्रत्येक खोलीत दगडातच कोरलेल्या दोन शय्या आहेत. वर्षावासासाठी आलेल्या भिक्खूची पाठ टेकावी, एवढ्यासाठी कुणीतरी कठीण कातळ फोडला. सौंदर्याच्या आधी त्या कारागिरांनी माणसाच्या थकव्याचा विचार केला होता. बौद्ध कलेच्या मुळाशी ही करुणा आहे.

असे असेल, तर आक्षेप कोणावर घ्यावा? तो शांतीच्या बाजारावर घ्यावा. हॉटेलांच्या दालनांत आणि सौंदर्य केंद्रांत बुद्धाचे केवळ मस्तक मांडलेले दिसते. धड नाही, हात नाहीत, संघ नाही, दुःखी माणूस नाही. ही शांती दुःखाला पाहतच नाही. म्हणून ती झोप आहे, विश्रांती नव्हे. आणि आक्षेप थोडा आपल्यावरही घ्यावा. आपल्या अनेक विहारांत मूर्तीभोवती चमचमणारे दिवे, भडक रंग आणि ध्वनिक्षेपकाचा कर्कश आवाज असतो. दिवसभर विटा वाहून किंवा चार घरची धुणीभांडी करून आलेली उपासिका तेथे टेकते, तेव्हा तिच्या डोळ्यांना आणि कानांना आपण काय देतो?

आपल्या चित्रकारांनी आणि मूर्तिकारांनी उघड्या डोळ्यांचा बुद्ध अवश्य घडवावा; तो आपल्या चळवळीचा चेहरा आहे. परंतु विहाराच्या एखाद्या भिंतीवर संथ रेषेचे, मोजक्या रंगांचे, बसलेल्या माणसाच्या नजरेच्या उंचीचे चित्रही असावे. आणि त्या चित्राच्या पायथ्याशी दमलेल्या माणसांना जागा असावी. सव्विसाव्या लेण्याची कसोटी सोपी आहे: चित्र पाहून माणूस स्वतःचे दुःख विसरतो, की ते जवळ ठेवूनही त्याचा श्वास संथ होतो? पहिले गुंगीचे लक्षण आहे, दुसरे धम्माचे. जो समाज उद्या पुन्हा उभा राहणार आहे, त्याला आज पाठ टेकण्याचा अधिकार आहे.