नवशिक्यांचं कोंडाळं: ब्लूग्रासच्या ‘स्लो जॅम’बद्दल

ब्लूग्रासवर बोलायचं म्हणजे बिल मन्रो आणि अर्ल स्क्रग्ज यांच्यावर बोलायचं, असा एक रिवाज आहे. आज तो थोडा बाजूला ठेवू. मला बोलायचंय ते अमेरिकेत वाद्यांच्या दुकानात, चर्चच्या खोलीत, कुणाच्या तरी घरी भरणाऱ्या एका साध्या बैठकीबद्दल. आठदहा माणसं गोलात बसतात. गिटार, बँजो, मँडोलिन, फिडल, असलाच तर उभा बास. सगळे नवशिके, बरेचसे चाळिशी-पन्नाशी ओलांडलेले. गाणी तीच, लय मात्र निम्म्यावर आणलेली. याला ‘स्लो जॅम’ म्हणतात. जाणकार याकडे बालवाडी म्हणून बघतात. मला वाटतं, या प्रकारावर गंभीरपणे टीका व्हायला हवी, म्हणजे त्याचं बरं आणि वाईट दोन्ही नीट बघायला हवं.

आधी एक गैरसमज. ब्लूग्रास म्हणजे डोंगरातल्या ओसरीवरचं, सगळ्यांचं संगीत, असं आपण ऐकतो. त्याची मुळं तिथे आहेत, नाकारत नाही. पण ज्याला आज आपण ब्लूग्रास म्हणतो ते रेडिओवर आणि रंगमंचावर घडलं. मन्रो 1939 साली नॅशव्हिलच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’त आले, 1945 च्या डिसेंबरात स्क्रग्ज त्यांच्या ‘ब्लू ग्रास बॉइज’मध्ये दाखल झाले, आणि त्या संचाची तीन बोटांच्या बँजोची धार लोकांनी ऐकली. ही पोट भरण्यासाठी वाजवणारी, हॅट-टाय घातलेली व्यावसायिक मंडळी होती. वेग हा त्यांच्या कसबाचा भाग होता. 1965 साली व्हर्जिनियात फिनकॅसलला अनेक दिवसांचा पहिला ब्लूग्रास महोत्सव भरला, आणि पुढे अशा महोत्सवांच्या पार्किंगमध्ये, तंबूंमध्ये हौशी लोकांची कोंडाळी जमू लागली. म्हणजे काय झालं बघा: व्यावसायिकांचं संगीत हौशी माणसांच्या हातात आलं, पण येताना व्यावसायिकांचा वेग घेऊनच आलं.

त्यामुळे ‘उघड्या’ जॅममध्ये नवशिक्याला कुणी ‘जा’ म्हणत नाही. तशी गरजच पडत नाही. गाण्याचं नाव पुकारतात, पट्टी सांगतात, आणि तीन-चार मात्रांत गाडी सुटते. तुम्ही फलाटावर. हा नकार फार सभ्य आहे, म्हणून तो जास्त लागतो.

आता गंमत अशी की, संथ वाजवणं या परंपरेला अजिबात परकं नाही. स्क्रग्जचे तुकडे शिकताना एक अख्खी पिढी काय करायची? 33 फेऱ्यांची तबकडी 16 वर लावायची. वेग साधारण निम्मा, स्वर एक सप्तक खाली, आणि मग एकेक बोट मोजायचं. 1968 मध्ये स्क्रग्ज यांचं स्वतःचं बँजोचं पुस्तक आलं, तेव्हापासून टॅब बघून घरी शिकणंही वाढलं. म्हणजे एकट्याने, दार लावून, संथ वाजवणं मान्य होतं. चार लोकांत संथ वाजवणं मात्र लाजेचं. स्लो जॅमने ही लाज काढली, आणि माझ्या मते हेच त्याचं सर्वांत मोठं काम.

कारण खोलीत एकट्याने जे शिकता येत नाही ते नेमकं काय? सूर शिकता येतात, तुकडे शिकता येतात. पण चूक झाल्यावर न थांबणं शिकता येत नाही. एकटा माणूस चुकला की मागे जातो, दुरुस्त करतो. कोंडाळ्यात आवर्तन तुमच्यासाठी थांबत नाही. सुटलं तर सोडायचं आणि पुढच्या कॉर्डला गाठायचं. दुसरं, गप्प बसणं. गाणारा गात असताना बँजोवाल्याने आवाज खाली आणायचा, मँडोलिनने ऑफबीटवर नुसता ‘चॉप’ द्यायचा. आपल्याकडे ज्याला संगत म्हणतात तीच ही गोष्ट, आणि ती एकट्याने कशी करणार? ‘हॉट राइझ’ या बँडचे बँजोवादक पीट वेर्निक यांनी जॅम शिकवण्याची पद्धतच बसवली, तिच्यात भर यावरच आहे: आधी कॉर्ड आणि ठेका, सोलो नंतर, आणि तोही साधा चालेल. मला हा क्रम पटतो.

पण सगळं गोड नाही. चार गोष्टी खटकतात. दोन पटकन सांगतो. एक, ‘ब्रेक’ची सक्ती. गोलात पाळी फिरत येते आणि भीतीने माणसाचा ठेकाही जातो. मान हलवून पाळी पुढे देता येते, हे सुरुवातीलाच मोठ्याने सांगायला हवं. दोन, ‘गिटारवाल्याचा डावा हात बघा’ हा ठराविक सल्ला. त्याने दुसऱ्या पडद्यावर कॅपो लावला असेल तर बोटं जी ची दिसतात आणि वाजतो ए. बिचारा मँडोलिनवाला!

तिसरी गोष्ट गंभीर आहे. नवशिक्यांच्या सोयीसाठी गाणी बहुतेक जी किंवा ए मध्ये ठेवतात. सोय कुणाची? हातांची. गळ्याचं काय? पुरुष जे गाणं जी मध्ये गातो तेच बाईला अनेकदा सी किंवा डी मध्ये हवं असतं. मग बँजोवाल्याची पाचवी तार अडते, फिडलवाला कुरकुरतो, आणि गाणारी बाई तरी खूप खाली पुटपुटते नाहीतर गप्प बसते. ज्या बैठकीचा उद्देशच कुणाला बाहेर ठेवू नये हा, तिथे हे चालतं, आणि कुणाला ते वगळणं वाटतही नाही. दोन कॅपो आणि तीन कॉर्डना ‘वन, फोर, फाइव्ह’ अशा आकड्यांनी ओळखायची सवय, एवढ्यावर हा प्रश्न बराचसा सुटतो. नवशिक्याला पट्टी बदलणं अवघड म्हणून टाळायचं, हे मला तर उलटं वाटतं. संथ लयीत नाही शिकणार तर कधी शिकणार?

चौथी, मुक्काम. काही जण वर्षानुवर्षं तीच गाणी त्याच लयीत वाजवत राहतात. यावर जाणकार हसतात; मी हसणार नाही. दर आठवड्याला माणसांत बसून गाणं, हे कमी नाही. पण चालवणाऱ्याने संध्याकाळच्या शेवटची दोन गाणी जरा पळवावीत. काही जण सुटतील, सुटू देत; ठेका धरून बसले तरी पुरे. त्या दोन गाण्यांत ज्याला चटका लागेल तो पुढच्या महिन्यात शेजारच्या वेगवान कोंडाळ्याच्या कडेला जाऊन उभा राहील, आणि तिथे काय करायचं हे त्याला माहीत असेल: आवाज खाली, ऑफबीट धरायचा, आणि पुकारणाऱ्याच्या पायाकडे लक्ष. तो पाय वर उचलला की गाणं संपतं.