‘डेथ ऑफ अ सेल्समन’ : स्वप्नाची किंमत

आर्थर मिलर यांचें ‘डेथ ऑफ अ सेल्समन’ हें नाटक १० फेब्रुवारी १९४९ रोजीं न्यूयॉर्क येथील मोरोस्को नाट्यगृहांत ब्रॉडवेच्या रंगभूमीवर आलें. तेथें त्याचे ७४२ प्रयोग झाले, आणि त्याच वर्षीं त्यास पुलित्झर पारितोषिकही लाभलें. ‘अमेरिकन स्वप्न’ हा शब्दप्रयोग जेम्स ट्रस्लो ॲडम्स या इतिहासकारानें १९३१ सालच्या आपल्या ग्रंथानें लोकांच्या तोंडीं रुळविला. जन्म वा कुळ न पाहतां प्रत्येकास आपल्या कर्तृत्वाप्रमाणें वर चढतां यावें, असा त्याचा आशय होता. मिलर यांनीं या स्वप्नाचा पंचनामा केला, असें या नाटकाविषयीं नेहमीं म्हटलें जातें. तें खोटें नव्हे. परंतु अपुरें आहे.

नाटकाचा नायक विली लोमन हा ६३ वर्षांचा फिरता विक्रेता आहे. त्याच्या पेट्यांत काय माल असतो, हें नाटककार शेवटपर्यंत सांगत नाहीं, आणि ही योजना मार्मिक आहे; कारण विली विकतो तो वस्तुतः स्वतःसच. माणूस चार लोकांना मनापासून आवडला कीं सर्व दारें आपोआप उघडतात, ही त्याची श्रद्धा. या श्रद्धेचें दैवत म्हणजे डेव्ह सिंगलमन. हा विक्रेता ८४ व्या वर्षीं हॉटेलच्या खोलींत बसून केवळ टेलिफोनवरून धंदा करी, आणि त्याच्या अंत्यविधीस शेकडों लोक लोटले होते. विलीच्या अंत्यविधीस मात्र पत्नी, दोन मुलगे, शेजारी चार्ली व त्याचा मुलगा बर्नार्ड, एवढींच माणसें येतात.

म्हणून वर चढण्याची आकांक्षाच मुळांत खोटी, असा निष्कर्ष कोणी काढील, तर त्यास हा बर्नार्डच आडवा येतो. अभ्यासू खरा, पण लोकप्रिय नव्हे, म्हणून लहानपणीं ज्यास विली तुच्छ लेखी, तोच पुढें वकील होऊन सर्वोच्च न्यायालयापुढें खटला चालवावयास निघतो, आणि त्याचा साधा उल्लेखही स्वतः करीत नाहीं. मिलर यांचा आक्षेप कर्तृत्वावर नाहीं. लोकप्रियता हाच कर्तृत्वाचा पर्याय, या समजुतीवर आहे. अर्थात् समाजव्यवस्थाही येथें निर्दोष ठरत नाहीं. तीस वर्षांहून अधिक काळ राबलेला विली फिरतीऐवजीं शहरांतील जागा मागावयास जातो, तेव्हां तरुण मालक हॉवर्ड त्याला आपल्या नव्या ध्वनिलेखन यंत्रावर मुलांचे आवाज ऐकवितो, आणि अखेर नोकरीवरून दूर करतो.

परंतु भ्रमाचें खरें आश्रयस्थान बाजार नसून घर आहे, ही आमच्या मतें या नाटकांतील सर्वांत खोल जाण होय. पतीनें आत्मघातासाठीं तळघरांत दडविलेली रबरी नळी लिंडाला सांपडते. ती रोज नळी काढून घेते, आणि तो घरीं आला कीं पुन्हां जागच्या जागीं ठेवते. त्याचा अपमान होऊं नये म्हणून! भ्रमाचें पोषण येथें कपटानें होत नाहीं, मायेनें होतें. रंगमंचाची योजनाही हेंच सांगते. वर्तमानकाळच्या प्रवेशांत पात्रें घराच्या कल्पित भिंतींची मर्यादा पाळतात. विलीच्या आठवणी सुरू झाल्या कीं तींच पात्रें भिंतींतून आरपार चालत येतात. भ्रमाला अडविणारी भिंत त्या घरांत उरलेलीच नाहीं.

थोरला मुलगा बिफ ही भिंत उभारूं पाहतो. आपण दोघेही चारचौघांसारखीं सामान्य माणसें आहों, हें बापाला ओरडून सांगतां सांगतां तो त्याच्या गळ्यांत पडून रडतो. सबंध नाटकांत विलीच्या पदरीं पडलेली ही खरी ठेव. पण तिचें तो काय करतो? मुलाचें आपल्यावर प्रेम आहे हें उमगतांच, विम्याचे २०,००० डॉलर हातीं आले तर हा मुलगा केवढा मोठा होईल, हा विचार त्याला व्यापून टाकतो. आणि मोटार काढून तो मृत्यूच्या भेटीस जातो. ज्या प्रेमानें त्याला वांचवावयाचें, त्याचेंच त्यानें भांडवल केलें. मुलगा आपल्याला हवा आहे कीं त्याचें यश, हा प्रश्न येथें कोणत्याही बापानें स्वतःस विचारावा.

नाटक निर्दोष नाहीं. बॉस्टनच्या हॉटेलांत बिफला बापाचा परस्त्रीशीं संबंध कळतो, आणि त्याच्या शिक्षणाची आशा तेथेंच मावळते. या एका प्रसंगावर एवढा भार टाकल्यामुळें, मुलाच्या अधोगतीचें कारण बापाची शिकवण कीं बापाचें वर्तन, हें संदिग्ध राहतें. सामान्य माणूसही शोकांतिकेचा नायक होऊं शकतो, असें मिलर यांनीं १९४९ मध्येंच एका निबंधांत प्रतिपादिलें. नायकाला अखेर सत्याचें दर्शन घडावें ही जुनी कसोटी लावली, तर विली तींत उतरत नाहीं. तो डोळे मिटूनच जातो. दर्शन घडतें तें बिफला. विलीनें स्वतःच्या हातांनीं बांधलेल्या ओट्यांत त्याच्या साऱ्या विक्रीहून अधिक सत्त्व होतें, हें थडग्यापाशीं तोच बोलून दाखवितो. धाकटा हॅपी मात्र बापाचेंच स्वप्न पुढें चालविण्याची प्रतिज्ञा करतो. २५ वर्षांचें घरकर्ज त्याच दिवशीं फिटतें. ज्यानें तें फेडलें, तो त्या घरांत राहावयास उरलेला नसतो.