टोलनाक्यावर वीस्लर नसतो

खासगीपणाचा विषय निघाला की कुणीतरी 'द लाइव्ह्ज ऑफ अदर्स' बघायला सांगतंच. २००६ चा जर्मन सिनेमा, परदेशी भाषेतल्या सिनेमाचं ऑस्कर मिळालेला. मला तो आवडतो. पण आज पाळत म्हणजे काय हे समजावं म्हणून आपण तो एकमेकांना पाठवतो, तेव्हा आपली दिशाभूल होते असं माझं मत आहे.

गोष्ट १९८४ च्या पूर्व बर्लिनमधली. श्टाझी या गुप्त पोलीस खात्याचा कॅप्टन वीस्लर एका नाटककाराच्या इमारतीच्या माळ्यावर हेडफोन लावून बसतो. त्या घरातलं प्रेम, भांडणं, पियानो ऐकता ऐकता तो आतून हलतो. अहवालात खोट्या नोंदी करायला लागतो. झडतीच्या आधी पुराव्याचा टाइपरायटर गुपचूप हलवतो आणि नाटककार वाचतो.

यावर जर्मनीतच टीका झाली होती. श्टाझीच्या होहेनशोनहाउझेन तुरुंगात आता स्मारक आहे. तिथे चित्रीकरणाला परवानगी मिळाली नाही, कारण श्टाझीच्या माणसाला नायक करणं स्मारकाच्या तेव्हाच्या संचालकांना मान्य नव्हतं. त्यांचा आक्षेप इतिहासाचा होता. माझा साधा, कामाच्या टेबलावरचा आहे. सिनेमा गृहीत धरतो की पाळतीच्या दुसऱ्या टोकाला माणूस असतो. माणूस दमतो, कंटाळतो, क्वचित विरघळतो. १९८९ मध्ये श्टाझीकडे सुमारे ९१,००० पूर्णवेळ कर्मचारी होते, खबरे वेगळेच. पाळत महाग होती. म्हणून आधी ठरवावं लागे की कुणाचं ऐकायचं.

आता खालापूरचा टोलनाका डोळ्यांसमोर आणा. काचेवरच्या फास्टॅगमध्ये बॅटरी नसते. वर लावलेला रीडर रेडिओलहरी सोडतो, त्यांच्याच ऊर्जेवर चिप जागी होते आणि आपला क्रमांक सांगते. तो क्रमांक गाडीच्या नंबराला जोडलेला, गाडीचा नंबर बँकेच्या खात्याला, खातं केवायसीला. कुठल्या नाक्यावर, कुठल्या लेनमध्ये, किती वाजून किती सेकंदांनी, याची एक ओळ तयार होते. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्रीपासून राष्ट्रीय महामार्गांवर हे सक्तीचं झालं आणि टॅग नसलेल्याला दुप्पट टोल बसू लागला. रांगा कमी झाल्या, हे मी नाकारत नाही. एकेकाळी सुट्ट्या पैशांच्या बदल्यात चॉकलेट मिळायचं ते आठवतं. पण इथे कुणाचं ऐकायचं हे आधी ठरवावंच लागत नाही. सगळ्यांचं लिहून ठेवायचं, कोण हवा होता ते मागाहून बघायचं.

आमची गाडी बाबांच्या नावावर आहे. म्हणजे टोलचा एसएमएस त्यांना जातो. एका शनिवारी मी मैत्रिणीबरोबर लोणावळ्याला निघालो होतो. नाका ओलांडून दोन मिनिटं झाली नाहीत तोच फोन: "काय रे, ऑफिसला जातो म्हणालास ना?" बाबा रागावले नव्हते, हसत होते. मैत्रीण मात्र हसली नाही. तिच्या घरी हाच मेसेज कुणाच्या हातात पडला असता आणि पुढे काय झालं असतं, हे तिनं शांतपणे सांगितलं. पुढच्या वेळी आम्ही एसटीनं गेलो. सरकारचा यात काहीच संबंध नव्हता, एवढंच मला नोंदवायचं आहे. पाळतीसाठी कुणी कट रचला नव्हता. पैसे कापल्याची पावती पुरली.

सरकारचा संबंध येतो तेव्हा काय होतं याचं उदाहरण आपल्याकडे आहे. २०१९ मध्ये रस्ते वाहतूक मंत्रालयानं वाहन नोंदणी आणि परवान्यांची माहिती घाऊक विकण्याचं धोरण आणलं. व्यावसायिक संस्थेला वर्षाला तीन कोटी, शैक्षणिक संस्थेला पाच लाख. त्याच जुलैमध्ये राज्यसभेत सांगितलं गेलं की 'वाहन' आणि 'सारथी' या डेटाबेसमध्ये ८७ खासगी कंपन्यांना आणि ३२ सरकारी संस्थांना प्रवेश दिला आहे आणि त्यातून ६५ कोटी रुपये मिळाले आहेत. २०२० मध्ये धोरण मागे घेतलं. आधी गेलेला डेटा कसा मागे घेणार? आपण आरटीओत फॉर्म भरला होता तो गाडी चालवायला, दुकान मांडायला नव्हे.

यावर माझ्या क्षेत्रातले लोक हमखास म्हणतात, नावं काढून टाका, नंबर हॅश करा, झालं. न्यूयॉर्कनं हेच केलं होतं. २०१३ मधल्या सतरा कोटींहून जास्त टॅक्सीफेऱ्यांचा डेटा २०१४ मध्ये बाहेर आला, त्यात टॅक्सीचे नंबर हॅश केलेले होते. पण टॅक्सीच्या नंबरांची रचना ठरलेली असते. शक्य असलेले सगळे नंबर हॅश करून तक्ता बनवला की उलटा शोध घेता येतो. तसंच झालं. मग टॅक्सीत चढणाऱ्या नटनट्यांच्या फोटोंवरून ते कुठे उतरले हेही लोकांनी काढलं. आपलं एमएच-१२ घ्या: पुढे दोन अक्षरं, चार आकडे. फार तर ६८ लाख शक्यता. साधा लॅपटॉप चहा गाळून होईपर्यंत हे उरकतो.

आणि प्रत्येक वेळी माहिती गोळा करावीच लागते असंही नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये नियम बदलून उपग्रहाधारित टोलला वाट करून दिली गेली; जितके किलोमीटर तितके पैसे. हिशोब गाडीतल्या यंत्रातच करून फक्त एकूण आकडा बाहेर पाठवता येतो, किंवा सगळा प्रवास सर्व्हरवर पाठवून तिथे मोजता येतो. रक्कम दोन्हीकडे तीच येते. निवड कुठली झाली हे चालकाला बाहेरून कळत नाही. मी काम केलेल्या प्रत्येक सिस्टिममध्ये साठवणं फुकट होतं आणि पुसण्यासाठी मात्र तिकीट, मीटिंग, तीन जणांची मंजुरी.

कायदा आहे. २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायाधीशांनी एकमतानं खासगीपणा मूलभूत हक्क मानला. जुलै २०२४ मधला एक निकाल मला त्याहून जास्त बोलका वाटतो, आणि त्याची चर्चा फारच कमी झाली. अमली पदार्थांच्या खटल्यातल्या एका नायजेरियन आरोपीला जामिनासाठी अट होती की त्यानं गूगल मॅप्सवर पिन टाकून तपास अधिकाऱ्याला आपला ठावठिकाणा दिसेल असं करावं. न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयान यांनी ती अट रद्द केली. जामिनावरच्या माणसाच्या हालचालींवर पोलिसांना सतत नजर ठेवू देणारी अट चालणार नाही, असं त्यांनी म्हटलं. त्या आरोपीला आव्हान द्यायला निदान एक लेखी आदेश होता. माझ्या गाडीबाबत आदेशच नाही, तर मी कोर्टात काय घेऊन जाऊ? २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही इथे फारसा उपयोगी नाही; देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी केंद्र सरकार आपल्या कुठल्याही यंत्रणेला त्यातून सूट देऊ शकतं.

चोरीच्या गाड्या सापडतात, घाटात भरधाव जाणाऱ्यांना दंड बसतो, हे खरं आहे. द्रुतगती मार्गावरचे नंबरप्लेट वाचणारे कॅमेरे काढा असं माझं म्हणणं नाही. दंड न बसलेल्या गाडीची नोंद किती दिवस राहते, एवढं विचारतो आहे.

सिनेमाकडे परत येतो, कारण त्यातला खरा महत्त्वाचा प्रसंग टाइपरायटरचा नाहीच. भिंत पडल्यावर नाटककार अभिलेखागारात जातो आणि आपल्या फायलींचा ढीग मागवतो. कुणी काय लिहिलं, कुठला कोड कुणाचा, सगळं पानोपानी वाचतो. १९९१ च्या कायद्यानं जर्मन नागरिकांना हा हक्क खरोखर दिला. वीस्लरचं मन बदललं नसतं तरी त्याची सही त्या कागदावर राहिलीच असती.

फास्टॅगचं स्टेटमेंट मला बँक दाखवते. त्यात माझ्या फेऱ्या असतात. त्या फेऱ्या आणखी कुणी उघडून पाहिल्या, हे नसतं. आधारच्या संकेतस्थळावर आपलं आधार कधी कधी तपासलं गेलं याचा इतिहास नागरिकाला दिसतो, म्हणजे असा स्क्रीन सरकारनं एकदा बांधलेला आहे. वाहनाच्या नंबरासाठी त्यात चार रकाने लागतील: कुणी पाहिलं, कधी, कुठल्या आदेशानं, कुठल्या तारखेपासूनचं. कुठल्याही बऱ्या टीमला दोन स्प्रिंटचं काम.