आवाज न वाढवणारा वादक

हार्पसिकॉर्ड पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी दोन मिनिटांत बंद केलं. शेजारच्या खोलीत कुणी शिलाई मशीन चालवतंय, असं वाटलं. सगळे सूर एकाच जोराचे. पुढे गुस्ताव लेओनहार्टने वाजवलेला बाख कानावर पडला आणि बंद करायचं राहूनच गेलं. वाद्य तेच होतं. मग बदललं काय?

आधी वाद्याची अडचण समजून घेऊ. पियानोत हातोडी तारेवर आपटते. बोट जोरात पडलं की सूर मोठा. हार्पसिकॉर्डमध्ये पिसाच्या कांडीची बारीक नखी तार छेडते. पट्टी हळू दाबा की जोरात, आवाजात जवळपास काहीच फरक पडत नाही. आपल्या पेटीत निदान भाता तरी असतो. इथे तोही नाही. मग एखादा सूर महत्त्वाचा आहे हे सांगायचं कसं?

लेओनहार्टचं उत्तर : वेळेने. महत्त्वाच्या सुरापाशी तो किंचित उशिरा पोहोचतो. आधीचा सूर जरा लवकर सोडतो, म्हणजे मध्ये श्वासाएवढी फट राहते. कधी उलट, बोट उचलतच नाही आणि दोन सूर एकमेकांत मिसळू देतो. जोर दिल्याचा भास होतो, पण जोर कुठेच दिलेला नसतो. चांगला गोष्ट सांगणारा नेमक्या शब्दाआधी थांबतो, तसंच हे.

हे वाद्य विसाव्या शतकात पुन्हा मैफलीत आणण्याचं मोठं श्रेय वांडा लांडोव्स्काचं. पण तिच्यासाठी प्लेयेल कंपनीने १९१२मध्ये बनवलेलं हार्पसिकॉर्ड भारदस्त होतं, पायाने चालवायची पेडलं असलेलं. मोठ्या सभागृहात ते ऐकू जावं, ही तिची गरज होती. १९२८मध्ये नेदरलँड्समध्ये जन्मलेल्या लेओनहार्टने उलटी वाट धरली. १९६२मध्ये जर्मन कारागीर मार्टिन स्कोव्रोनेकने त्याच्यासाठी डुल्केनच्या १७४५च्या वाद्याबरहुकूम एक हार्पसिकॉर्ड घडवलं. हलकी बांधणी, पेडलं नाहीत. सोयी कमी झाल्या आणि सगळी जबाबदारी बोटांवर आली.

याचं फळ ऐकायचं तर लुई कूपरँचे प्रेल्यूड ऐका. सतराव्या शतकातल्या या फ्रेंच रचनांत सुरांची लांबी लिहिलेलीच नाही. नुसते गोल सूर आणि त्यांना जोडणाऱ्या लांब कमानी. कुठे रेंगाळायचं, कुठे धावायचं, हे वादकाने ठरवायचं. आलाप ऐकलेल्या कानाला ही मोकळीक परकी वाटणार नाही.

लेओनहार्टवर नेहमीचा आरोप असा, की हा माणूस भूतकाळाची नक्कल करतो. स्ट्राउब आणि हुइले यांच्या १९६८च्या चित्रपटात त्याने खरंच विग घालून बाखची भूमिका केली होती! पण तिथेही तो अभिनय जवळजवळ करत नाही, बसून वाजवतो. त्याचं म्हणणंही नकलेच्या विरुद्धच होतं : अस्सल व्हायला जाल तर पटणार नाही, पटेल असं वाजवाल तर तेच अस्सल वाटेल.

याला जोड म्हणून एक गंमत. रूआँच्या निकोला लफेव्रचं १७५५चं म्हणून ओळखलं जाणारं एक हार्पसिकॉर्ड प्रत्यक्षात स्कोव्रोनेकनेच लेओनहार्टसाठी १९८४मध्ये बनवलं होतं. २००२मध्ये लेख लिहून त्यानेच ते उघड केलं. वाद्य नवं निघालं म्हणून त्यावर वाजलेलं संगीत खोटं ठरत नाही. मला तर उलट वाटतं : जुनेपणा लाकडात नव्हताच, तो ऐकण्याच्या शिस्तीत होता.

या शिस्तीची किंमतही आहे. त्याचा बाख कधीकधी इतका संयमी होतो की हसू हवं तिथेही चेहरा गंभीरच राहतो. त्याचाच शिष्य टॉन कोपमन वाजवताना खेळकर होतो, दागिने उधळतो. काही दिवशी मला तोच हवा असतो.

तरी परत येतो लेओनहार्टकडेच. डिसेंबर २०११मध्ये त्याने पॅरिसला शेवटची मैफल केली; पुढच्या महिन्यात तो गेला. प्रत्येक जण आवाज वाढवून लक्ष मागतो अशा काळात, त्याने आयुष्यभर तो पर्यायच नसलेलं वाद्य वाजवलं. आज रात्री इअरफोन लावाल तेव्हा आवाज जरा कमीच ठेवा. आणि सुरांपेक्षा त्यांच्यामधल्या फटी ऐका.