गावात घर कुठं?

मुंबईत भाड्याची खोली शोधणाऱ्या कोकणातल्या माणसाला तीन प्रश्न विचारले जातात. आडनाव काय? गाव कुठलं? गावात घर कुठं? पहिल्या दोन प्रश्नांवर निभावून नेता येते. जाधव, मोरे, पवार ही आडनावे अनेक जातींत सापडतात. पेण आणि रोहा ही गावे सर्वांचीच आहेत. तिसरा प्रश्न मात्र वर्मी लागतो. गावात घर कुठे हे सांगितले की आपण कोण हे सांगून होते.

नोकरीच्या पहिल्या वर्षी हा प्रश्न मी चार दारांत ऐकला. तीन दारांत खरे उत्तर दिले, तेव्हा जागा कालच दुसऱ्याला दिली असे कळले. चौथ्या दारात ‘बाजारपेठेत’ असे सांगितले आणि खोली मिळाली. त्या खोलीत मी अकरा महिने राहिलो. नळ घरात होता, उजेड भरपूर होता, संडास स्वच्छ होता. पण बाबासाहेबांची तसबीर मी ट्रंकेतून बाहेर काढली नाही, आणि गावाहून आई भेटायला आली तेव्हा तिला स्टेशनवरच भेटून परत पाठवले. त्या खोलीतले माझे राहणीमान कोणत्या मापाने मोजायचे?

शहरात आलेल्या माणसाचे राहणीमान मोजण्याची आपल्याकडे दोन मापे रूढ आहेत. एक नियोजनकारांचे, दुसरे साहित्यिकांचे.

नियोजनकारांचे माप चौरस फुटांचे. १९२०च्या दशकात मुंबईत बी. डी. डी. चाळी बांधल्या गेल्या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ इमारती, खोली १६० चौरस फुटांची, संडास सामाईक. आता त्यांच्या जागी ५०० चौरस फुटांची घरे उभी राहत आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतील ५५६ कुटुंबांना त्यांच्या चाव्या मिळाल्या. या मापाला नाक मुरडणाऱ्यांपैकी मी नाही. माझे वडील रोहा तालुक्यातून निघाले, धरमतरला लाँच धरून मुंबईला उतरले आणि गोदीत लागले. नायगावच्या एका खोलीत गावातले दहा-बारा पुरुष राहत. पाळी बदलली की वळकट्या बदलत. ज्याने संडासाच्या रांगेत बालपण काढले आहे, तो ५०० चौरस फुटांना कधी हसणार नाही.

तरीही वडील त्या खोलीला सुख म्हणत. याचे कारण मला फार उशिरा समजले. ते ज्या कुलाबा जिल्ह्यातून आले (रायगड हे नाव १९८१ सालचे), त्याच जिल्ह्यात मार्च १९२७ मध्ये महाडच्या तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी हजारो माणसांना सत्याग्रह करावा लागला होता. गावात खोताची वेठ होती. खोती नष्ट करण्यासाठी बाबासाहेबांनी १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात विधेयक मांडले, ते अशाच गावांसाठी. तिथून आलेल्या माणसाला चाळीच्या नळाखाली कुणाची परवानगी न मागता घागर लावता येते, हे काही लहान सुख नव्हे. चौरस फुटांच्या मापात हे सुख येत नाही.

पण म्हणून शहराला मुक्तिदाता ठरवण्याची घाई करू नये. याच मुंबईत कापड गिरण्यांच्या विणकाम खात्यात, म्हणजे जिथे पगार जास्त तिथे, अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्याने विटाळ होतो असे बाकीचे कामगार म्हणत. १९२८च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उभा केला. गावाने पाण्यावर पहारा बसवला होता, शहराने पगारावर बसवला.

आता साहित्यिकांचे माप पाहू. पु. ल. देशपांडे यांची ‘बटाट्याची चाळ’ (१९५८) हे मराठी माणसाचे लाडके पुस्तक आहे आणि त्याचा विनोद मलाही आवडतो. पण त्या चाळीत ‘गावात घर कुठं’ हा प्रश्न कुणी कुणाला विचारत नाही, कारण विचारण्याची गरजच नाही. शेवटी मोडकळीला आलेल्या चाळीबद्दल जी हुरहुर दाटून येते, ती तिथे निर्धास्त राहिलेल्यांची हुरहुर आहे. चाकरमान्यावरच्या बऱ्याचशा लेखनात हेच माप चालते. मागे राहिलेले अंगण, आंबा, गणपतीला परतण्याची ओढ यांवर शहरातले दुःख मोजले जाते. ज्याला गावात अंगणच नव्हते, त्याचे दुःख या मापाने शून्य भरते.

ही उणीव दलित लेखकांनी भरून काढली. बाबुराव बागूल यांची ‘जेव्हा मी जात चोरली होती’ ही कथा ज्या संग्रहाला नाव देऊन गेली, तो १९६३ साली आला. परगावी रेल्वेत नोकरी मिळालेला तरुण, राहायला जागा हवी म्हणून जात लपवतो आणि ती उघडी पडते तेव्हा मार खातो. जागेचा प्रश्न आणि जातीचा प्रश्न एकच आहे, हे या कथेने ठणकावून सांगितले. माझ्या अकरा महिन्यांचा अर्थ मला या कथेने दिला. दया पवारांच्या ‘बलुतं’मध्ये (१९७८) दगडू पवार आपली कहाणी दया पवारला सांगतो. माणूस एकच, एक नाव गावचे, एक शहराचे. काहींना ही केवळ निवेदनाची युक्ती वाटते. मला मात्र स्थलांतरिताच्या जगण्याचे ते नेमके वर्णन वाटते. शहर आपल्याला नवे नाव देते आणि जुने नाव ट्रंकेत ठेवायला लावते.

पण आपल्याही साहित्याची उलटतपासणी झाली पाहिजे. आपले स्थलांतर बहुतेक पुरुषाने लिहिले आहे, आणि जो शहरात पोचला त्याने लिहिले आहे. ‘बलुतं’मध्ये कावाखान्यातल्या चिंध्या-कागद वेचणाऱ्या बाया दिसतात, पण मुलाच्या नजरेतून. ऊर्मिला पवारांच्या ‘आयदान’ने (२००३) ही नजर बदलली. डोक्यावर ओझे घेऊन रत्नागिरीच्या बाजाराला डोंगर उतरणाऱ्या बाया, आयदाने विणून मुलांना शिकवणारी आई, आणि मुंबईत नोकरी, शिक्षण, लेखन आणि चूल एकाच वेळी सांभाळणारी लेखिका. शहरात बाईची जात सैल झाली तरी चूल सैल होत नाही, हे आपल्या पुरुषांच्या आत्मकथनांनी सांगितले नव्हते.

आणि जी शहरात गेलीच नाही, तिचे काय? माझी आई वडिलांची मनीऑर्डर येईपर्यंत उधारीवर घर चालवत होती. तिच्या गावातल्या त्या वर्षांवर वडिलांची मुंबई उभी होती. शहरातल्या माणसाच्या राहणीमानाचा हिशेब मांडताना मागे राहिलेल्या बाईचा खर्च कोणत्या रकान्यात लिहायचा? पेण-रोह्याच्या वाड्यांतली कातकरी कुटुंबे तर पाऊस संपला की पोराबाळांसह वीटभट्ट्यांवर जातात. ज्या विटांनी शहर बांधले जाते त्या विटा ती थापतात, आणि पावसाळ्याच्या तोंडाला परत येतात. त्यांचे स्थलांतर शहराच्या वेशीपर्यंतच पोचते. आपल्या कथा-कवितेत त्यांना किती जागा मिळाली, हे आपणच आपल्याला विचारले पाहिजे.

हा प्रश्न आज तातडीचा आहे, कारण आता शहरच आमच्याकडे येत आहे. जानेवारी २०२४ मध्ये शिवडी-न्हावा शेवा सागरी सेतू खुला झाला. त्याच वर्षी उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतील १२४ गावांच्या क्षेत्रात नवे नगर वसवण्याचे काम मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे सोपवण्यात आले. त्याआधीचा एक धडा विसरता येत नाही. पेण तालुक्यातल्या हेटवणे धरणाचे पाणी नळाने नवी मुंबईला जाते, आणि त्याच तालुक्यातल्या खारेपाटातली गावे, जिथे माझे आजोळ आहे, कित्येक उन्हाळे टँकरची वाट पाहत आली. सप्टेंबर २००८ मध्ये विशेष आर्थिक क्षेत्राबाबत पेणच्या २२ गावांत मत घेतले गेले, तेही जमीनधारकांचे. शेतकऱ्यांनी त्या क्षेत्राविरुद्ध दिलेला लढा मोठा होता, यात शंका नाही. पण सातबाऱ्यावर ज्याचे नाव नाही त्याचे मत कुणी घ्यायचे?

म्हणून राहणीमानाचे माझे माप मी सांगून टाकतो. चौरस फूट मोजा, नळ मोजा, संडास मोजा. ते आमचे हक्कच आहेत. त्यानंतर विचारा, या घरात माणसाला आपली तसबीर भिंतीवर लावता येते का? गावाहून आलेल्या आईला आत बोलावता येते का? ‘गावात घर कुठं’ या प्रश्नाला न भिता खरे उत्तर देता येते का?

नव्या नगरात खोल्या शोधायला आमची मुले निघतील, तेव्हा त्यांना हाच प्रश्न विचारला जाईल. पेण-रोह्याच्या शाळा-कॉलेजांतून शिकणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांना मी सांगत असतो : आपल्या वाडीतून कोण केव्हा गेले, कुठे राहिले, मागे कोण राहिले, हे आताच लिहून ठेवा. विटा थापणाऱ्या बाईपासून सुरुवात करा. माझी आई स्टेशनच्या बाकावर बसून, आणलेली भाकरी मला देऊन परतीच्या गाडीत बसली, ते मी लिहायला इतकी वर्षे लावली. तुम्ही लावू नका.