आरोप आणि शहानिशा

उज्जयिनीच्या अभ्यासकांना डॉ. भाऊ दाजी लाड हे नाव परिचित आहे ते कालिदासाच्या निमित्ताने. कालिदास आणि काश्मीरचा मातृगुप्त हे एकच, असे मत त्यांनी मांडले आणि विक्रमादित्याच्या कालनिर्णयाच्या वादात एक नवा पक्ष उभा राहिला. पुढील संशोधकांना ते मत मान्य झाले नाही हे खरे; पण कालिदास चारदोन शतके मागेपुढे सरकल्याने कोणाचा संसार मोडत नाही. याच भाऊ दाजींना १८६२ साली मुंबईच्या सुप्रीम कोर्टात एक अशी साक्ष द्यावी लागली, की जीत चूक झाली असती तर एका माणसाची अब्रू कायमची गेली असती, आणि जी त्यांनी टाळली असती तर कित्येक कुटुंबांतील स्त्रियांवर होत असलेल्या अन्यायाचा पुरावा अधुरा राहिला असता. तो खटला 'महाराज लायबल केस' या नावाने प्रसिद्ध आहे. २०२४ साली निघालेल्या 'महाराज' या हिंदी चित्रपटाने त्याची आठवण पुन्हा ताजी केली. चित्रपटाने संपादकाच्या खाजगी दुःखाला जी जागा दिली ती चित्रपटाच्या गरजेप्रमाणे दिली असेल. त्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. मात्र या खटल्याचे खरे वैशिष्ट्य संपादकाच्या दुःखात नसून त्याच्या कागदपत्रांत आहे, आणि वाङ्मयाच्या अभ्यासकाने पाहावयाचे ते तेथेच.

हकीकत थोडक्यात अशी. मुंबईच्या 'सत्यप्रकाश' या गुजराती पत्राचे संपादक करसनदास मूळजी यांनी २१ ऑक्टोबर १८६० रोजी एक लेख लिहिला. हिंदूंचा मूळ धर्म व सांप्रतची पाखंडी मते हा त्याचा विषय होता. वल्लभ संप्रदायाचे काही महाराज आपल्या भक्तांच्या लेकीसुनांना भ्रष्ट करतात, असा उघड आरोप त्यात होता, आणि लेखाच्या शेवटी सुरतेचे जदुनाथजी ब्रिजरतनजी महाराज यांना नावाने संबोधून खडे बोल सुनावले होते. महाराजांनी पन्नास हजार रुपयांच्या नुकसानभरपाईची फिर्याद केली. २५ जानेवारी १८६२ ला सुनावणी सुरू झाली व २२ एप्रिलला निकाल लागला. संप्रदायाच्या तत्त्वविचाराशी येथे आपल्याला कर्तव्य नाही. करसनदास स्वतः वैष्णवच होते आणि वैष्णवांनाच उद्देशून लिहीत होते.

त्या लेखाचे नैतिक धैर्य निर्विवाद आहे. तरीही लेख म्हणून त्याची परीक्षा करू लागले की एक उणीव डोळ्यांत भरते. आरोप एका वर्गावर आहे आणि नाव मात्र एकाच व्यक्तीचे आहे. अमुक दिवशी, अमुक ठिकाणी, अमुक कृत्य घडले असे लेखात कोठेही नाही. धर्मग्रंथांचा ऊहापोह विस्ताराने येतो, मग संतापाचा लोट येतो आणि त्या लोटातच ते नाव येते. 'हे तुम्हांस कसे कळले?' असा प्रश्न एखाद्या साध्या वाचकाने केला असता तर लेखापाशी त्याचे उत्तर नव्हते. करसनदासांपाशी होते; पण ते त्यांना पुढे न्यायालयात, शपथेवर बोलणाऱ्या माणसांच्या तोंडून द्यावे लागले. आपल्या समाजसुधारणेच्या इतिहासात हा लेख आदराने सांगितला जातो आणि तसा तो सांगितला जावाच. मात्र तो आदर्श म्हणून विद्यार्थ्यांपुढे ठेवताना त्यातील हा भाग झाकून ठेवू नये.

न्यायाधीशांनाही हा प्रश्न जाणवला होता असे दिसते. मुख्य न्यायाधीश सर मॅथ्यू सॉस आणि सर जोसेफ आर्नोल्ड या दोघांनीही आरोप सत्य ठरल्याचे मान्य केले; पण असा मजकूर वृत्तपत्रात छापण्याचा संपादकाला विशेष अधिकार होता काय, याविषयी त्यांचे मत एक झाले नाही. सॉस यांनी त्या मुद्द्यावर वादीला नाममात्र पाच रुपये देवविले. आर्नोल्ड यांची भूमिका निराळी होती. पत्रकार हा लोकशिक्षक असतो आणि समाजातील दुराचार उघडा करणे हे त्याच्या शिक्षकपणातच मोडते, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. इतिहासाने आर्नोल्डांना उचलून धरले आणि सॉस यांचे पाच रुपये विनोदाचा विषय झाले. मला मात्र त्या पाच रुपयांत काही अर्थ दिसतो. आरोप खरा निघाला म्हणजे तो छापतानाची पद्धतही आपोआप निर्दोष ठरते असे नाही. आणि पत्रकाराला शिक्षक म्हणावयाचे असेल, तर जे फळ्यावर लिहावयाचे ते आधी स्वतः तपासून पाहण्याची शिक्षकाची शिस्तही त्याला लागू होते.

आता साक्षीकडे वळू. महाराजांच्या अनुयायांपैकी काही भाटियांनी सभा भरवून, संपादकाच्या बाजूने साक्ष देणाऱ्यास जातीबाहेर टाकण्याचा घाट घातला होता. त्याबद्दल १८६१ मध्ये त्यांच्यावर स्वतंत्र खटला झाला व त्यांना दंड भरावा लागला. अशा दडपणाखाली जे बोलले त्यांची साक्ष ऐकीव नव्हती. भाऊ दाजी आणि डॉ. धीरजराम दलपतराम या दोघा वैद्यकांनी वादीच्या गुप्तरोगासंबंधी आपल्याला व्यवसायात प्रत्यक्ष आढळले तेवढेच सांगितले. दोघे एकमेकांवर विसंबून नव्हते. दोघांनाही गप्प राहण्यात फायदा आणि बोलण्यात उपद्रव होता. संप्रदाय चांगला की वाईट, यावर भाऊ दाजींनी व्याख्यान दिले असते तर त्याचे मोल एका विद्वानाच्या मताइतके झाले असते. त्यांच्या मोजक्या वाक्यांचे मोल त्याहून कितीतरी अधिक झाले. रोग्याचे गुपित वैद्याने फोडावे काय, ही शंका येथे येतेच. पण ते बोलले ते न्यायासनापुढे, चावडीवर नव्हे.

तरीही या कागदपत्रांत एक मोठी पोकळी आहे. पिंजऱ्यात उभे राहिले ते वैद्य, व्यापारी, पाद्री आणि पंडित. ज्यांच्यासाठी हा सारा खटाटोप, त्या स्त्रियांचा स्वतःचा शब्द तेथे जवळजवळ ऐकू येत नाही. त्या काळी कुलीन स्त्रीला भर कोर्टात असे प्रश्न विचारणे म्हणजे तिची दुसऱ्यांदा विटंबना झाली असती, हे उघड आहे. त्यामुळे पुरुषांनी पुरुषांविरुद्ध दिलेल्या साक्षीवरून स्त्रियांची हकीकत ठरली.

याच्या उलट उदाहरण वीस वर्षांनी घडले व ते आपल्या मराठी पत्रसृष्टीतले आहे. त्यात लैंगिक दुराचाराचा प्रश्न नव्हता. प्रश्न कोल्हापूरच्या तरुण छत्रपतींच्या छळाचा होता. 'केसरी' व 'मराठा' यांनी दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर आरोप करणारा मजकूर ज्या पत्रांच्या आधारे छापला ती पत्रे बनावट ठरली. १८८२ साली टिळक व आगरकर यांना चार महिन्यांची साधी कैद झाली. पैकी १०१ दिवस त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात काढले. त्या दिवसांवर आगरकरांनी लिहिलेले पुस्तक आपण आवडीने वाचतो. दोघांच्या हेतूविषयी तेव्हाही कोणी संशय घेतला नाही. पण हेतू शुद्ध आणि कागद खोटा, अशी ही स्थिती होती. छत्रपतींविषयी वाटणाऱ्या कळकळीमुळेच ती पत्रे खरी वाटली असतील, तर ते मनुष्यस्वभावाला धरूनच झाले. ज्या आरोपावर विश्वास ठेवण्याची आपल्या मनाची आधीच तयारी असते, त्याचा कागद उजेडात धरून पाहण्याचे आपल्याला सुचत नाही.

त्याच वर्षी पुण्याच्या एका छापखान्यातून ताराबाई शिंदे यांचा 'स्त्रीपुरुषतुलना' हा निबंध बाहेर पडला. सुरतेच्या एका विधवेवरील खटल्याच्या निमित्ताने वृत्तपत्रांनी समस्त स्त्रीजातीलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले, हा ताराबाईंचा संताप होता. एका घटनेवरून साऱ्या जातीविषयी निवाडा द्यावयाचा आणि त्या घटनेतील पुरुष कोण, याची चौकशीही करावयाची नाही, ही वृत्तपत्री रीत त्यांनी नेमकी हेरली. बुलढाण्यासारख्या गावी राहणाऱ्या या बाईने टीकाकाराचे काम व्यवसायी टीकाकारांहून चोख केले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

आणि आता आपल्या नगरीकडे. शूद्रकाचे 'मृच्छकटिक' उज्जयिनीत घडते, आणि देवलांनी ते मराठी रंगभूमीवर आणल्यापासून आपल्या रसिकांना चारुदत्त आणि वसंतसेना घरच्यासारखी झाली आहेत. शाळा-महाविद्यालयांत आपण त्यातील प्रणय आणि विनोद शिकवितो. नववा अंक मात्र कथानक पुढे सरकविण्यापुरता उरकतो. वस्तुतः चौकशी कशी चुकते याचा इतका बारीक अभ्यास आपल्या प्राचीन नाट्यात क्वचितच सापडेल. न्यायालयापुढील आरोप खुनाचा आहे. पण त्याच्या मुळाशी आहे ते नकार सहन न झालेल्या एका कामांध पुरुषाचे कृत्य. राजाचा मेहुणा शकार वसंतसेनेचा गळा आवळतो, ती मेली असे समजून निघून जातो आणि स्वतःच फिर्यादी होऊन चारुदत्तावर आळ घालतो.

न्यायाधीश दुष्ट नाही. शकाराची फिर्याद त्या दिवशी घेऊ नये असे त्याला प्रथम वाटते. पण राजाकडे सांगून तुला काढून टाकीन, अशी धमकी मिळताच तो नमतो. मग शकाराच्या तोंडून 'मी नव्हे' असे शब्द निसटतात. न्यायाधीश ते लिहून घेण्यास सांगतो, कायस्थ लिहितो, आणि शकार ते अक्षर पायाने पुसून टाकतो. प्रेक्षक येथे हसतात. पण नोंद पुसली गेल्यावर न्यायालय तिचा पुन्हा उच्चार करीत नाही, हे हसण्यासारखे नाही. पुढे वीरकाला उद्यानात पाहणीसाठी पाठविले जाते. तो परत येऊन सांगतो की श्वापदांनी खाल्लेले एका स्त्रीचे प्रेत दिसले. ते स्त्रीचेच कशावरून, असा प्रश्न त्याला विचारला जातो व केस आणि हातपाय यांवरून, असे उत्तर तो देतो. ती स्त्री कोण, हे कोणीच विचारीत नाही. पडताळणी झाली, माणूस घोड्यावरून जाऊन आला, आणि चुकीची गोष्ट सिद्ध झाली. त्यात विदूषकाच्या काखेतून दागिने खाली पडतात. चारुदत्त संकोचाने धड बोलत नाही, आणि त्याचा संकोच हाच त्याच्याविरुद्धचा पुरावा ठरतो.

खरी साक्ष एकटा स्थावरक देऊ शकत होता. तो शकाराचा दास. त्याला गाडी हाकताना सर्व काही ठाऊक झालेले. त्याला बेड्या घालून वाड्याच्या वरच्या मजल्यावर ठेवलेले असते. तो खाली उडी टाकून वधस्थानाकडे निघालेल्या लोकांना सत्य सांगतो. शकार म्हणतो, हा चोर आहे, मी याला शिक्षा केली म्हणून हा असे बोलतो. एवढ्यावर त्याचे बोलणे फोल ठरते. शहानिशेची मागणी करणाऱ्यांनी हा प्रवेश विशेष लक्ष देऊन वाचावा. बलवानाचा आरोप न्यायालयाने धाकाने आधी ऐकला आणि दासाचे सत्य कोणी तपासलेसुद्धा नाही. 'पुरावा आणा' हे वाक्य दोघांनाही सारखेच ऐकविले जाते, असे आपण समजतो. येथे तसे झालेले नाही.

पंचवीसतीस वर्षे शाळेत काढलेल्या माणसाच्या टेबलावर निनावी पत्रे येतातच. त्यांपैकी काही केवळ विशेषणांनी भरलेली असतात, तर काहींत वार, तास आणि खोली एवढेच असते. दुसऱ्या प्रकारच्या पत्राने झोप उडते. पण यावरून नियम करता येत नाही. भ्यालेले मूल नीट तारीख सांगू शकत नाही. म्हणूनच बालकांच्या बाबतीत कायद्याने ही निवड मुख्याध्यापकावर सोडलेली नाही. २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे, असा अपराध घडल्याची माहिती किंवा आशंका असल्यास पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. 'आधी आम्ही आपसांत चौकशी करतो' ही सबब तेथे चालत नाही, आणि न कळविणाऱ्या संस्थाप्रमुखाला शिक्षा आहे. त्याच कायद्याचे २३ वे कलम पूर्ण व विश्वसनीय माहिती असल्याखेरीज बालकाविषयी वृत्त देण्यास मनाई करते आणि त्याची ओळख उघड करण्यासही. कळविणे व छापणे या दोन क्रिया कायद्याने किती काळजीपूर्वक वेगळ्या ठेवल्या आहेत! शहानिशा हवी ती छापण्यापूर्वी. कळविण्यापूर्वी तिचा आग्रह धरणे म्हणजे पुष्कळदा प्रकरण दडपणेच होय. प्रौढ स्त्रियांसाठी कामाच्या ठिकाणचा २०१३ चा कायदा चौकशीला नव्वद दिवस देतो आणि त्यातील तक्रारदार, प्रतिवादी व साक्षीदार या सर्वांचीच नावे प्रसिद्ध करण्यास बंदी करतो.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत जे घडले त्यात तक्रार नोंदविण्यास विलंब झाला आणि उच्च न्यायालयाने शाळा व पोलीस दोघांनाही फटकारले. लोक रुळांवर उतरले. पुढच्याच महिन्यात, २३ सप्टेंबरला, आरोपी पोलिसांच्या ताब्यात असताना गोळी लागून मेला. त्याच्यावरील आरोपाची न्यायालयात तपासणी व्हावयाची होती. ती झालीच नाही. त्या दिवशी मिठाई वाटणाऱ्यांची छायाचित्रे काही पत्रांनी छापली.